चिनहटच्या वस्तीतला कापूस

कल्पना डाखोरे यांना प्रश्न विचारणारी बाई म्हणून बरेच लोक ओळखत, पण त्यांची खरी हातोटी विचारून झाल्यावर गप्प राहण्यात होती. समोरचा माणूस अडखळला की कुणालाही राहवत नाही. आपण चटकन त्याच्या तोंडी एखादा शब्द देतो आणि तोही सुटकेचा नि:श्वास टाकून तोच शब्द परत करतो. कल्पनाताई शब्द देत नसत. टॅबवर बोट टेकवून, मान किंचित खाली घालून त्या थांबत. चूल आणि गॅस, बाळाच्या लसी, बँकेतली खाती, पिण्याचे पाणी अशा कितीतरी विषयांवर त्यांनी लखनौच्या गल्ल्यांतून हजारो माणसांना बोलते केले होते, आणि त्यांतले एकही वाक्य आपण कुणाच्या तोंडी घातलेले नाही, असा त्यांचा साधा, न बोलून दाखवलेला अभिमान होता.

त्या मूळच्या हिंगणघाटकडच्या. लग्न होऊन मानक नगरच्या रेल्वे वसाहतीत आल्या तेव्हा त्यांना हिंदी समजे, बोलताना मात्र तोंडातल्या तोंडात राही. यजमान राजाराम तिथल्या संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. वसाहतीत एकदा आरोग्य खात्याची पाहणी निघाली आणि पाहणी करणाऱ्या बाईंना घरोघरी नेऊन आणायला कुणीतरी हवे होते. कल्पनाताई गेल्या आणि त्या कामातच राहिल्या. त्यांचे ‘मेरे को बताइए’ ऐकून लखनौच्या बायका हसत. हसल्या की मोकळ्या होत. बाहेरून आलेल्या, आपल्यापेक्षा वाईट हिंदी बोलणाऱ्या बाईपुढे माणसाला शहाणे दिसण्याची धडपड करावी लागत नाही, हे कल्पनाताईंच्या लवकर लक्षात आले. पुढे त्यांची हिंदी सुधारली, तरी ‘मेरे को’ त्यांनी सोडले नाही.

राजाराम निवृत्त झाले, वसाहतीतले घर सुटले आणि हे कुटुंब आलमबागेत आले. मुलगी अंतरा एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र हिंदीत येते. राजाराम सकाळी मेट्रोच्या खांबांखालून फिरून येतात, भाजी आणतात आणि बायकोच्या नोकरीची थट्टा करतात. “माह्या बायकोले समदं लखनौ उत्तर देते,” ते म्हणत, “मीच एकटा असा, की मले प्रश्नच कोनी विचारत नाही.”

यंदाच्या हिवाळ्यात विषय नवा होता. जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे ‘जीएम’, पिकांबद्दल लोकांना काय माहीत आहे आणि काय वाटते, हे शहरातल्या एका अभ्यासगटाला जाणून घ्यायचे होते. गटाच्या प्रमुख डॉक्टर श्रुती बापट पुण्याच्या. वयाने कल्पनाताईंहून बऱ्याच लहान, कामात काटेकोर आणि मराठी ऐकायला आसुसलेल्या. प्रश्न सरळ होते. अशा पिकांबद्दल ऐकले आहे का? काय ऐकले आहे? असे अन्न आपण खाल का? या बाबतीत आपला विश्वास कुणावर आहे? मोहरीच्या अशा एका वाणाला परवानगी मिळून ते प्रकरण न्यायालयात गेल्याच्या बातम्या मधल्या काळात येऊन गेल्या होत्या. जिथे रोजचे कालवण मोहरीच्या तेलावाचून होत नाही, तिथे या बातम्या कितपत झिरपल्या आहेत, याचे श्रुतीला कुतूहल होते.

आलमबागेत जे हाती आले ते गमतीचे होते. फळवाला म्हणाला, “बहनजी, जो सेब चमकता है वो जीएम है। मेरा देख लीजिए, कहीं से चमक रहा है?” एका शिक्षिकेने आपण अशा पिकांच्या पूर्ण विरोधात असल्याचे ठामपणे सांगितले. कोणत्या पिकांच्या, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सबके।” इंजेक्शन दिलेला दुधीभोपळा, बी नसलेले कलिंगड, कोल्ड स्टोरेजचा बटाटा, सगळे या एकाच नावाखाली मोडत होते. भीती खरी होती, तिला जे नाव मिळाले होते तेच तेवढे चुकीचे होते. कल्पनाताईंनी एकालाही दुरुस्त केले नाही. लोक जे बोलले ते बोलले तसे नोंदवले.

मग चिनहटच्या पलीकडची वस्ती आली. फैजाबाद रस्त्यावरचे कारखाने मागे टाकून आत वळले की तिथे अजून शेते आहेत. काही विकली गेलेली, कुंपण घातलेली. उरलेल्यांत मोहरी, वाटाणा, गहू. धुके उठून ऊन पडले की वस्तीतल्या बायका विहिरीशेजारच्या ओट्यावर खाटा टाकून बसत, कुणी वाटाणे सोलत, कुणी बथुआ म्हणजे चाकवताची भाजी निवडत. थंडीच्या दिवसांत तिथे कुणालाही एकटे गाठणे अशक्य. उत्तर देणारी एक आणि ऐकणाऱ्या सगळ्या. नियमाप्रमाणे हे बरोबर नव्हते, पण ऊन सोडून घराच्या अंधारात यायला कुणीही तयार नव्हते आणि त्यांचे काही चुकत होते असेही नाही.

यादीत पहिले नाव बिट्टन यांचे होते. साठीच्या, ताठ पाठीच्या, दुसऱ्याच्या शेतात बटाईने मोहरी करणाऱ्या. पेरणी कधी करायची, गाय कुणाकडे दाखवायची, सून रुसली तर तिला कुणी समजवायचे, हे सगळे वस्ती बिट्टनचाचींना विचारून करत असे, हे बसल्या बसल्याच कळत होते.

“चाची, जीएम फसल के बारे में कुछ सुना है?”

“नाहीं।”

“उसके बीज के बारे में?”

“नाहीं।”

“ऐसा अनाज मिले तो खाएँगी?”

बिट्टन थांबल्या. वाटाण्याची शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. “जउन चीज जानित नाहीं, ओका का बताई? लिख लेव, हमका कुछ नाहीं मालूम।”

खाटेवर खसखस पिकली. “लो, चाची फेल हो गईं!” एक तरुण सून म्हणाली. “अब बुवाई किससे पूछें?” दुसरीने पेरणीची जोड दिली. बिट्टनही हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरल्यासारखा कल्पनाताईंना वाटला. वाटाण्याची साल त्यांनी जरा जोरात टोपलीत टाकली.

कल्पनाताईंनी मुलाखत पूर्ण केली, टॅबवर ती बंद केली, तिची वेळ आपोआप नोंदली गेली. आणि इतक्या वर्षांत जे कधी केले नव्हते, ते त्या करून बसल्या.

“इसमें शरम की क्या बात है,” त्या म्हणाल्या. “मेरे को मालूम है तो इसलिए, कि मेरे मायके में कपास है।” मग त्यांनी सांगितले. त्यांच्या गावी कपाशीच्या बोंडात अळी शिरायची. बायका सकाळी वेचणीला गेल्या की किडकी बोंडे वेगळी काढावी लागत. मग नवे बियाणे आले. त्या झाडातच असे काहीतरी घातलेले असते, की अळीने पान खाल्ले की ती मरते. औषध कमी मारावे लागते. बोंडे फुटली की शेत असे दिसते, की वाटावे कुणीतरी गादी उसवून टाकली आहे. बोलता बोलता त्यांची हिंदी कधी मराठीत घसरली, ते त्यांनाही कळले नाही. बायका मन लावून ऐकत होत्या. लखनौला आल्यापासून कपाशीबद्दल कल्पनाताईंना कुणीही काही विचारले नव्हते.

“अच्छा, तो कीड़ा खुद मर जाता है?” बिट्टननी विचारले.

“खुद मर जाता है।”

पुढचे काही दिवस त्या वस्तीत गेल्या. उत्तरे भराभर मिळत गेली. जीएमबद्दल ऐकले आहे का? हो, त्यात कीड़ा मरतो. कुठे असते? कपाशीत. खाल का? का नाही, औषध कमी पडते ना. एकीने तर गादी उसवल्याचाही दाखला दिला. कल्पनाताईंना ही वस्ती फार आवडली. शहराच्या मानाने किती समंजस, असे त्यांच्या मनात आले. संशय मात्र आला नाही. आपल्याला जे ऐकायला गोड लागते ते माणूस तपासून पाहत नाही, आणि हाच दोष दुसऱ्यांच्या उत्तरांत त्या इतकी वर्षे टिपत आल्या होत्या.

आठवड्याच्या शेवटी श्रुतीने त्यांना बोलावून घेतले. तिच्या खोलीत हीटर चालू होता आणि ती खुशीत होती.

“कल्पनाताई, तुमची चिनहटची वस्ती बघितलीत? सगळ्या शहरात माहिती तिथे जास्त! आणि भीती सगळ्यांत कमी. मला वाटलं होतं, शिकलेल्या भागात असं दिसेल. परवाच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे.”

“बायका हुशार आहेत तिथल्या,” कल्पनाताई म्हणाल्या.

“आणि बोलतं करणारीही. पुढच्या फेरीत पर्यवेक्षक लागणार आहे. मी तुमचं नाव दिलंय. नव्या मुलींना तुम्ही शिकवायचं, कसं विचारायचं ते. चालेल ना?”

आजवर कल्पनाताई कंत्राटावर होत्या, प्रत्येक पाहणी संपली की घरी. शिकवण्यालायक काही आपल्यापाशी आहे, असे त्यांना आजवर कुणी म्हटले नव्हते. “चालेल काय मॅडम,” त्या म्हणाल्या, “मी उद्यापासून येते.”

घरी येताना त्यांनी रेवडीचा पुडा घेतला. राजाराम टीव्हीसमोर होते, अंतरा नखांना रंग लावत होती. बातमी ऐकून अंतरा म्हणाली, “वाह मम्मी, अब आप बॉस!” आणि फुंकर मारत बोटे नाचवली. राजारामांना सगळे तपशिलात हवे होते. श्रुती नेमके काय म्हणाली, वस्तीतल्या बायकांनी काय सांगितले. कल्पनाताईंनी मोठ्या कौतुकाने सांगितले.

राजारामांच्या हातातली रेवडी हातातच राहिली.

“चिनहटले कापूस?” ते म्हणाले. “कोन लावते वं तिथं?”

“अहो, लावतात असं कुठं म्हणाले मी? त्यांना माहीत आहे.”

“कुठून माहीत? त्याईच्या आज्यानं तरी पाह्यला होता काय कापूस? मोहरीच्या गावात मानूस मोहरीचं बोलन. हे बोंड अन् अळी त्याईले कोनं सांगतली?”

राजाराम थट्टाच करत होते. पण कल्पनाताईंनी रेवडीचा पुडा खाली ठेवला. गादी उसवल्याचा दाखला त्यांना आता पुन्हा ऐकू आला आणि या वेळी तो आवाज त्यांचा स्वतःचा होता.

“मी सांगितली,” त्या म्हणाल्या.

“आँ?”

“बिट्टनचाचीला सगळ्या हसत होत्या. मला राहवलं नाही.”

राजारामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “अन् सांगतलं तं सांगतलं काय? अळी मरते म्हनून? तुह्या भावाले विचार एकदा.”

कल्पनाताईंचा भाऊ शिवाजी गावीच शेती करतो. फोन त्याने लगेच उचलला आणि प्रश्न ऐकून तो खो खो हसला. “ताई, कोणत्या सालची गोष्ट सांगून राह्यली तू? सुरुवातीले मरे. मंग गुलाबी अळी आली नं परत. तिले आता हे बियानं पचते. काही अळ्या मरते, ही नाही मरत. वेचणीले आलेल्या बायकाईच्या अंगाले खाज सुटली होती त्या साली, तुले फोन केला होता मी.” केला होता. कल्पनाताईंना तो फोन आठवला. दिवाळीच्या गडबडीत तो नीट ऐकला गेला नव्हता, इतकेच.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत न जाता आधी वस्तीवर गेल्या. ऊन अजून यायचे होते. ओटा रिकामा होता आणि बिट्टन शेताच्या बांधावर उभ्या होत्या. मोहरी फुलात होती. बिट्टननी एक शेंडा वाकवून दाखवला; त्यावर मावा चिकट काळसर दाटला होता. तिकडे त्याला माहू म्हणतात.

“यहू साल माहू लागि गवा,” त्या म्हणाल्या. “पर अगले साल न लागी। बाजार में बीजवाले से कह दिया है, वही जीएम वाली सरसों मँगा दे। वहिमा कीड़ा अपने आप मरि जात है।” त्यांच्या बोलण्यात कुणीतरी विश्वासाचे माणूस भेटल्याचे समाधान होते.

कल्पनाताई बांधावर बसल्या. त्यांनी सगळे सांगितले. आपण बोललो ते कापसाचे होते. मोहरीतला बदल वेगळाच आहे, तो माव्यासाठी नाही, संकरित बियाणे तयार करणे सोपे जावे म्हणून आहे, असे कचेरीतल्या मॅडम सांगतात. ते बियाणे बाजारात विकायला आलेलेच नाही, कुणी त्या नावाने देऊ लागला तर घेऊ नका. आणि कापसाचेही आपण सांगितले ते अर्धेच होते, अळी पुन्हा आली आहे.

बिट्टननी वाकवलेला शेंडा सोडून दिला. मग त्यांनी विचारले, “तौ ओ दिन काहे बताया?”

“सब आप पर हँस रही थीं, चाची। मेरे को अच्छा नहीं लगा।”

“हँसत रहीं तौ हँसैं।” बिट्टनचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. “हम ओनका रोज हँसाइत है। हम ठीक कहे रहेन, नाहीं मालूम। तुमका लगा हमार नाक कटि गई? हमार नाक का एतनी पोली है?”

त्या दिवशी उतरलेला वाटलेला चेहरा उतरलेला नव्हताच कदाचित. कल्पनाताईंना तो तसा दिसला होता, आणि जे दिसले ते विचारून खात्री करावे, हे तर त्यांचेच काम होते.

“बीजवाले का हम मना कै देब,” बिट्टन जाताना म्हणाल्या. “औ सुनौ, चाय पी के जाओ। खाली पेट सच बोलै आई हौ।”

श्रुतीने सगळे ऐकून घेतले. बैठकीची मांडणी तिच्या समोरच्या पडद्यावर उघडी होती. तिने ती बंद केली नाही.

“उत्तरं तर त्यांनीच दिलीत ना?” ती म्हणाली. “म्हणजे त्यांना आता ते माहीत आहेच. जागृती कुठून आली हा वेगळा प्रश्न.”

“मॅडम, ती त्यांची उत्तरं नाहीत. माझी आहेत. मी एकटीनेच सगळ्या वस्तीच्या वतीने उत्तर दिलं, आणि तेही अर्धवट.”

“उद्या बैठक आहे, कल्पनाताई. हे तुम्ही मला आठवडाभर आधी सांगायला हवं होतं.”

“आठवडाभर आधी मला कळलंच नव्हतं. काल घरी कळलं.”

श्रुती खिडकीकडे वळली. तिचा राग उघड होता, आणि त्यात निराशाही होती; परक्या शहरात आपल्या भाषेतले जे एक माणूस हक्काचे वाटले, त्याच्याकडूनच हे व्हावे. “तुम्ही आला नसतात तर मला कधीच समजलं नसतं,” ती हळूच म्हणाली. मग खुर्ची ओढून कामाला बसली. “वस्ती सगळी काढावी लागेल. सगळ्या मुलाखती.”

“सगळ्या नाही,” कल्पनाताई म्हणाल्या. “बिट्टनची राहू द्या. ती आधीची आहे. वेळ बघा टॅबवर.”

श्रुतीने वेळ पाहिली, मग उत्तरे पाहिली. नाही, नाही, ठाऊक नाही. “एवढीच राहील मग त्या वस्तीची.”

“तेवढीच खरी आहे.”

अहवालातल्या अभ्यासपद्धतीच्या भागात श्रुतीने त्याच दिवशी एक परिच्छेद घातला. एका वस्तीतल्या मुलाखती सर्वेक्षकाने विषयाची माहिती दिल्यामुळे वगळल्या आहेत, असा. नाव लिहिले नाही. पर्यवेक्षकाच्या जागेचे तिने काही लपवले नाही. “ती नेत्राला द्यावी लागेल,” ती म्हणाली. “मला देता येणार नाही तुम्हाला. निदान या वेळी.” नेत्रा दुसऱ्या गटातली, दोन पाहण्या केलेली मुलगी. कल्पनाताईंनी मान डोलावली. आलमबागेतली काही घरे उरली होती, ती त्यांच्याकडे राहिली.

घरी अंतराने फक्त एवढेच विचारले, “तो अब बॉस नहीं?” आणि मग स्वतःहून चहा टाकला. राजारामांनी त्या दिवशी थट्टा केली नाही.

आलमबागेतल्या उरलेल्यांपैकी एक होते बस स्थानकामागच्या बोळात बसणारे शिंपी, अनीस मियाँ. दुकान म्हणजे एक यंत्र आणि भिंतीला टांगलेले कोट. कल्पनाताईंनी प्रश्न वाचला. असे अन्न आपण खाल का?

मियाँनी यंत्र थांबवले, चष्मा वर केला. “पहले आप बताइए, ये होता क्या है?”

“जो आप समझते हों, वही बता दीजिए।”

“हम तो कुछ समझते ही नहीं। आप पढ़ी-लिखी हैं, आप ही बताइए। हमारी जगह आप ही भर दीजिए।”

शेजारच्या चहावाल्याने दात काढले. “चचा, इम्तिहान में नकल करोगे?” मियाँचे कान लाल झाले, की उन्हानेच तसे दिसले, हे कल्पनाताईंनी ठरवले नाही. त्यांच्या ओठांवर एक वाक्य येऊन उभे राहिले होते, मदतीचे, अगदी लहानसे. त्यांनी ते तिथेच थोपवून धरले. बोट टॅबवर टेकले होते. बोळातून एक ई-रिक्षा भोंगा वाजवत गेली, मागून दुसरी. थांबणे यापूर्वी कधी इतके जड गेले नव्हते.

मियाँनी कोटाच्या बाहीवरचा धागा दाताने तोडला.

“देखिए बहनजी,” ते म्हणाले, “हमारे घर में कोई भी नई चीज़ आए, तो पहले अम्मी चखती हैं। उनको ठीक लगे तो हम खाते हैं, नहीं तो बकरी खाती है। हमसे मत पूछिए, अम्मी से पूछिए।”

“अम्मी घर पर मिलेंगी?”

“कहाँ जाएँगी। पर सुन लीजिए, आप सवाल पूछेंगी तो पहले वो पूछेंगी।”

कल्पनाताईंनी त्यांचे वाक्य शब्दशः टॅबवर उतरवले, बकरीसकट, आणि पुढचा प्रश्न वाचला.